ढगळ माप

मास्तरांच्या हातून कपडा तोकडा झाला, असं त्या गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. ढगळ झाला असेल, खांद्यात उतरला असेल, पण तोकडा नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला, लाँड्रीच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे कापायचं टेबल, मध्ये पायमशीन, मागे काकूंची बसायची जागा आणि त्याच्याही मागे एक दार. ते उघडलं की दगडी पायरी आणि लाँड्रीच्या वाफेचा पाइप. दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, तिथे संसार. एवढ्यात दोघांचं सगळं आयुष्य मावलं होतं.

गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. मास्तर माप घेत, कापत, मशीन मारत. काकू काजं करत, बटणं लावत, हातशिलाई करत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर सोडतात, मास्तर दोन बोटं सोडायचे. उमेदवारीत असताना कुणा बड्या माणसाची पँट त्यांच्या हातून तोकडी कापली गेली होती आणि त्यांच्या गुरूनं लाकडी पट्टी त्यांच्या बोटांवर मोडली होती. पट्टी मोडली ती मोडली, सवय मात्र कायमची जडली.

"ढिलं असलं तर आत घेता येतं," ते म्हणायचे, "तोकडं झालं की गिऱ्हाइकाचं तोंड बघत बसायचं."

त्यामुळे त्यांनी शिवलेली शाळेची पँट पोरं उंच होत गेली तरी उसवून उसवून पुरायची. एकदा एक साहेब स्वतःच्या लग्नातला कोट घेऊन आले. पोट सुटलं होतं, बटण लागत नव्हतं. मास्तरांनी अस्तर उसवून आतलं कापड दाखवलं तेव्हा साहेब चाटच पडले. म्हणाले, "मास्तर, माझं पोट सुटणार हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"पोट सगळ्यांचंच सुटतं साहेब. मी आपली जागा ठेवली."

हीच तऱ्हा बाकी सगळ्यात. घरातलं घड्याळ पुढे. बाहेरगावी जायचं तर गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनवर. दोन माणसांचा चहा टाकताना कपभर जास्त. काकू सुरुवातीला करवादायच्या, पुढे पुढे त्यांच्याही हाताला तीच सवय लागली. इतकी, की एकदा एका मॅनेजरच्या कोटाला मास्तरांनी आपली ढिलाई धरून खडूनं रेघ मारली, आणि काकूंना वाटलं ते विसरले, म्हणून त्यांनी शिवताना वरून आपली धरली. तो कोट मॅनेजरांनी अंगात घातला आणि आरशात बघून म्हणाले, "यात अजून कोण येणार आहे?" लाँड्रीवाला तर महिनाभर हसत होता. मास्तरही हसले. "एकानंच सोडायची गं," ते काकूंना म्हणाले. "दोघांनी सोडली की तंबू होतो."

सिगरेट मास्तरांना उमेदवारीतच लागली. संध्याकाळी दुकान बंद करताना ते कोपऱ्यावरून एक पाकीट घ्यायचे आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरायचं. ओढायची ती मागच्या पायरीवर, लाँड्रीवाल्याबरोबर. दुकानात कधी नाही, कापडाला वास लागतो. रिकामं पाकीट यायचं काकूंकडे. त्या पाकिटाचा पुठ्ठा कापून त्यावर एकसारख्या बटणांचे जोड टाचून ठेवायच्या, उरलेला रंगीत दोरा गुंडाळायच्या. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असे पुठ्ठे रांगेनं असायचे. पाकिटं नेहमी कमीच पडायची. कधीकधी काकू गमतीनं म्हणायच्या, "आज एक जास्त ओढा, मला कोटाची बटणं लावून ठेवायचीत." पुढे हे बोलणं आठवलं की त्यांना स्वतःचीच जीभ चावावीशी वाटायची.

मग उजवा पाय दुखायला लागला.

आधी चालताना पोटरीत गोळा यायचा. मास्तर दोन दुकानं चालले की एखाद्या काचेसमोर थांबायचे आणि आतला माल बघत असल्यासारखं दाखवायचे. भांड्यांच्या दुकानातल्या मुलीनं तर एक दिवस बाहेर येऊन विचारलं, "काका, रोज कढई बघता, घेत का नाही?" ते हसून पुढे गेले. काकूंना मात्र कळायचं. ज्या माणसाला बाजारहाटाचा कंटाळा, तो एकाएकी काचा बघत हिंडायला लागला, तर त्याची बायको काय समजायचं ते समजतेच. मग पावलाचा रंग बदलला. बोटं गार पडली. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाला छोटी जखम झाली ती भरेचना. उजव्या पायानं मशीनची लोखंडी जाळी हलवताना ते ओठ दाताखाली धरायला लागले.

काकूंनी ओढूनच त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पावलावर, घोट्याजवळ बोटं टेकवून बराच वेळ काहीतरी चाचपलं.

"काका, पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून बुजत चालल्यात. सिगरेट सोडलीत तर पाय वाचेल असं वाटतंय. नाही सोडलीत तर मग मला करावं लागेल."

"काय करावं लागेल?"

"कापावा लागेल."

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कात्रीकडे. तिथे बँडेज कापायची कात्री होती. "एकदम नाही हो जमायचं," ते म्हणाले. "आजवर तीनदा सोडून पाहिली. दोन दिवस गेले की मी माणसात राहत नाही. हळूहळू कमी करतो."

"हळूहळू करा, पण आजपासून करा. आणि शेवटी शून्यावर या. थोडी, एखादी, असलं काही मला सांगू नका." त्यांनी तीन महिन्यांनी बोलावलं, आणि जखम काळी दिसली तर त्याआधीच.

लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती आधी रडली, मग चिडली, आणि आठवड्याभरात तिनं दूरच्या शहरातून एक पार्सल धाडलं. त्यात काडेपेटीएवढं एक राखाडी यंत्र होतं. एक छोटी काच आणि एकच बटण. बरोबरचा कागद तिनं फोनवरच समजावून सांगितला.

"बाबा, पहिला आठवडा नेहमीसारखी ओढायची. फक्त दर वेळी पेटवली की बटण दाबायचं. म्हणजे तुमची सवय त्याला कळेल. पुढच्या आठवड्यापासून ते वाजेल तेव्हाच ओढायची, एरवी नाही. ते रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेईल. एक दिवस वाजायचंच बंद होईल."

"म्हणजे आधी हे माझं माप घेणार."

"हो बाबा. माप घेणार आणि मग आत घेत घेत येणार. तुमचंच काम आहे."

मास्तरांना हे फार पटलं. कुणीतरी आपल्या भाषेत बोललं असं त्यांना वाटलं. पायरीवर त्यांनी ते लाँड्रीवाल्याला दाखवलं. तो उलटंपालटं करून म्हणाला, "तुम्ही मास्तर, तेव्हा हा तुमच्यावरचा हेडमास्तर. आता छडी खा." तेव्हापासून त्याचं नाव हेडमास्तर पडलं.

तो पहिला आठवडा पुढे काकूंच्या पक्का लक्षात राहिला. मास्तर पायरीवर जायचे आणि हेडमास्तर इकडे टेबलावर, खडूच्या डबीशेजारी पडलेला असायचा. काकू हातातलं काज अर्धवट ठेवून उठायच्या. विसरले वाटतं, असं मनाशी म्हणायच्या आणि अंगठ्यानं बटण दाबायच्या. त्यांना भीती होती ती वेगळीच. यंत्रानं कमी धरलं, तर ते पहिल्याच दिवशी मास्तरांना आवळेल. मास्तर वैतागतील, हेडमास्तरला गटारात फेकतील आणि आधीच्या तीन खेपांसारखं सगळं मुसळ केरात. थोडं सैल असू दे, हळूहळू होईल घट्ट. एखादे वेळी मागून धुराचा वास आला आणि मास्तरांनी दाबलं की नाही याची खात्री नसली, तरी त्या दाबायच्या. कुणाला फसवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. गरम पातेलं उचलताना फडकं दुहेरी करावं, इतक्या सहज हे होत होतं.

दुसऱ्या आठवड्यात हेडमास्तर वाजायला लागला. बारीक, चिरका आवाज, दोनदा. काचेवर आज किती बाकी तो आकडा. आणि मास्तर काय आज्ञाधारक निघाले! वाजल्याशिवाय पाकिटाला हात नाही. लाँड्रीवाल्यानं पायरीवरून कितीही हाका मारल्या तरी, "थांब, अजून बोलावलं नाही." आणि वाजला की मात्र हातातलं टाकून उठायचे. कॉलर अर्धी लागलेली असो, गिऱ्हाईक मापाला हात पसरून उभं असो.

"अहो, हेडमास्तर ओरडले," काकू आतून सांगायच्या. औषधाची वेळ झाल्यासारखं. काड्यांची पेटी त्या आता आपल्याच खिशात ठेवत होत्या, म्हणजे ह्यांना शोधत बसायला नको.

एकदा ते म्हणाले, "आत्ता इच्छाच नाही गं."

"असं कसं? पोरगी म्हणाली ना, त्याच्या शिस्तीनं चाललं तरच उपयोग. मध्येच मोडलंत तर त्याचा हिशोब चुकेल. जा, दोन झुरके घेऊन या."

आणि ते उजवा पाय ओढत पायरीकडे गेले.

दर रविवारी सकाळी, पहिली ओढायच्या आधीच, लेकीचा फोन यायचा. "बाबा, आकडा सांगा." मास्तर यंत्र डोळ्यांजवळ धरून आकडा वाचायचे, आणि तो मागच्या रविवारपेक्षा उतरलेला असायचा. पलीकडून लेक टाळ्या वाजवायची. नातीला फोनवर घेऊन तिच्याकडूनही टाळ्या. मास्तर लाजायचे. आयुष्यात कधी परीक्षेत पहिला नंबर न आलेल्या माणसाचं कौतुक चाललं होतं, आणि शेजारी उभ्या काकूंचा ऊर भरून यायचा.

लाँड्रीवाला तेवढा कुरकुरायचा. "मास्तर, तुमच्याबरोबर यायला मलाच दम लागायला लागला. आधी चार वेळा आपली गाठ पडायची. आता बघावं तेव्हा तुम्ही पायरीवर. हे कमी करायचं यंत्र आहे की वाढवायचं?"

"तुला काय कळतं? आकडा उतरतोय."

"मग माझाच आकडा चढला असेल," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

पाय मात्र हसत नव्हता. जखम तशीच होती. मास्तर आता डाव्या पायानं मशीन मारत, उजवा पाय सैल चपलेत बाजूला ठेवलेला. "उतरतोय ना आकडा, मग पायही ऐकेल," ते म्हणायचे. "जरा उशीर लागतो."

एका वाद्यवृंदाच्या कोटांचं मोठं काम आलं. पितळी बटणं, प्रत्येक कोटाला वेगळा जोड करून ठेवायचा. दुपारी काकूंनी पुठ्ठे काढायला खालचं ड्रॉवर ओढलं, हवे तेवढे काढले आणि परत ढकललं, तर ते बंद होईना. पुन्हा ढकललं. आत काहीतरी अडकत होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून हात घातला. पाकिटं होती. दाबून दाबून भरलेली, मागे चेपलेली. त्यांनीच रोज ठेवली होती, रोज एखादं, रोज दोन, आणि कामाच्या गडबडीत लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी सगळी बाहेर काढून कापायच्या टेबलावर ओतली. इतकी वर्षं ज्या ड्रॉवरमध्ये पुठ्ठा पुरत नव्हता, त्या ड्रॉवरमधून ढीग निघाला.

लाँड्रीवाला इस्त्रीचे शर्ट द्यायला आला होता. "वहिनी, कारखाना काढलात का काय?" म्हणाला. काकूंचं तोंड बघून तो शर्ट ठेवून निघून गेला.

काकू त्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. आधी एक पाकीट संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत जायचं. आता जेवायच्या सुमाराला संपतं, आणि दुसरं आधीच आणून ठेवलेलं असतं, मध्येच संपायला नको म्हणून. मग उतरलं काय? आकडा उतरला. पण तो कुठून उतरला? त्यांना आपला अंगठा आठवला. खडूच्या डबीशेजारी पडलेलं ते यंत्र आठवलं. तरी मन ऐकेना. आपण दाबलं ते किती, रोज चार-पाच वेळा. त्यानं एवढा ढीग व्हायचा नाही.

मशीनचा आवाज चालू होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "मशीन थांबवा."

मास्तरांनी चाकावर हात ठेवला.

"हेडमास्तर आज किती म्हणतोय?"

"अजून अठरा बाकी." त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"आणि तो यायच्या आधी किती व्हायच्या?"

"पाकीटभर. वीस. एखादी उरायची." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"खरं सांगा मला. पहिल्या आठवड्यात तुम्ही बटण कसं दाबलंत?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. पुसायला काही नव्हतं त्याच्यावर. "दाबलं... जरा सैल धरून."

"किती सैल?"

"एक ओढली की दोनदा. कधी रात्री झोपताना आणखी थोडं." मग घाईघाईनं म्हणाले, "अगं, माप घेणार म्हणाली ना पोरगी. एकदा तंग माप दिलं की काय करायचं? सैल दिलं तर आत घेता येतं. तेच तर घेत होता तो."

काकू टेबलाच्या कडेला टेकल्या. "मी पण दाबलं," त्या म्हणाल्या.

"तू कशाला?"

"तुम्ही विसरताय असं वाटलं."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं आणि त्यांना हसू फुटलं. "म्हणजे त्या मॅनेजरच्या कोटासारखं! यात अजून कोण येणार आहे..." आणि काकूंनाही ते हसू लागलं, नको असताना. दोघं हसली. हसता हसता मास्तरांचा हात खाली, उजव्या पावलाकडे गेला आणि तिथेच थांबला. हसू कुणाचं आधी थांबलं ते काकूंना नंतर सांगता आलं नसतं.

तेवढ्यात हेडमास्तर वाजला. दोनदा, चिरका. दोघांपैकी कुणी उठलं नाही. तो पुन्हा वाजला. बटण दाबल्याशिवाय तो गप्प बसत नसे, आणि बटण दाबणं म्हणजे एक ओढली असं त्याला सांगणं. मास्तरांनी उठून खिशातलं अर्धं पाकीट काढलं, काकूंच्या हातात दिलं. "हे घे. काड्याही तुझ्याकडेच आहेत. मागितलं तरी देऊ नकोस."

काकूंनी हेडमास्तर लोकरीच्या चिंध्यांत गुंडाळून टेबलाखालच्या पेटीत टाकला. तो आतून वाजत राहिला, दिवसभर, मध्येच, कापडाच्या थरांतून येणाऱ्या खोकल्यासारखा.

तीनदा जे जमलं नव्हतं ते त्या वेळी जमलं. कसं जमलं ते मास्तरांनाही कळलं नसेल. त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलताना शब्द अर्धा राहायचा. एका गिऱ्हाइकाचा स्कर्ट त्यांच्या हातून तोकडा कापला गेला, उमेदवारीनंतर पहिल्यांदा, आणि ते त्या तुकड्याकडे बघत नुसते उभे राहिले. काकूंनी खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून वेळ मारून नेली. गिऱ्हाईक म्हणालं, "वा, नवीन फॅशन!" पण मास्तरांनी पाकीट मागितलं नाही. एकदाही नाही. काकूंच्या जिवाला हेच जास्त लागलं. जो माणूस हे एकदम करू शकत होता, त्याला आपण आठवडेच्या आठवडे काडी पेटवून पायरीवर धाडत होतो.

आणि त्याच दिवसांत बोट काळं झालं. आधी एक, मग शेजारचं. डॉक्टरबाईंनी दिलेल्या तारखेची वाट न बघता दोघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी पाय बघितला आणि कागद बघितले. "तुमची लेक तर मला फोनवर सांगत होती, निम्म्यावर आलेत म्हणून."

काकूंनी सगळं सांगितलं. डॉक्टरबाई ऐकताना एकदा हसल्या, लगेच गंभीर झाल्या, आणि बराच वेळ पेन हातात फिरवत राहिल्या.

"आम्ही असं केलं नसतं तर पाय वाचला असता का?" काकूंनी विचारलं.

"काकू, मी असं कसं सांगू? नळ्या आधीच खराब होत्या. पहिल्या दिवसापासून पूर्ण सोडली असती तर कदाचित."

तो कदाचित काकू घरी घेऊन आल्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या पोटरीवर जांभळ्या शाईनं रेघ मारली. गुडघ्याच्या थोडी खाली, सरळ, हात न थरथरता. मास्तर उशीला टेकून ती रेघ बघत होते. गिऱ्हाईक आरशात बघतं तसे.

"इतकं वर का?" त्यांनी विचारलं. "काळं तर पावलापाशी आहे."

"चांगल्या भागातूनच कापावं लागतं काका. नाहीतर शिवण धरत नाही. आणि वरून दुमडून शिवायला थोडं जास्तीचं ठेवावं लागतं."

मास्तरांनी मान हलवली. "माया सोडावी लागते," ते म्हणाले. "बरोबर आहे. सोडायलाच पाहिजे."

काकू खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. ते सगळं फार महत्त्वाचं असल्यासारखं त्या बघत राहिल्या.

लेक आली, आठवडाभर राहिली. नात आजोबांच्या पांघरुणाला एका बाजूला खड्डा का आहे ते विचारायची आणि तिला बाहेर न्यावं लागायचं. एका दुपारी लेक म्हणाली, "बाबा, ते यंत्रच बोगस निघालं. मी पाठवायलाच नको होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. पोरीला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, तिनं इतक्या हौसेनं पाठवलेलं.

मास्तर म्हणाले, "यंत्राचा दोष नाही बाळ. त्यानं आपलं काम चोख केलं. माप मी ढगळ दिलं." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, काकूंच्या वाटेचं सोडून. काकूंनी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. पण काकूंनी सांगितलंच. त्या दिवशी लेक दोघांशीही फारसं बोलली नाही. रात्री जेवताना तिनं बाबांच्या ताटात न विचारता भाजी वाढली, तेवढंच.

दुकान परत उघडलं. मशीनला मोटर बसवली, ती डाव्या पायानं चालते. मागचं दार आता बंदच असतं. लाँड्रीवाला पुढून येतो, उभ्या उभ्या दोन शब्द बोलतो आणि सिगरेटचा वास येऊ नये म्हणून जरा लांबच थांबतो. हेडमास्तरची बॅटरी कधीतरी संपली. तो अजून चिंध्यांच्या पेटीत आहे.

एका सकाळी मास्तरांनी आपल्या सगळ्या पँटी टेबलावर काढून ठेवल्या. एकेकीच्या उजव्या पायावर खडूनं रेघ मारली आणि काकूंकडे सरकवल्या. "एवढ्या करून टाक. खाली लोंबतं ते चाकात अडकतं." चाकाची खुर्ची आली होती, लाकडी पाय यायचा होता.

काकूंनी पहिली पँट मांडीवर घेतली. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. मग त्यांनी सगळं कापड आत दुमडलं, एकदा, दोनदा, आणि बारीक हातशिलाईनं टाचून टाकलं. बाहेरून छान दिसत होतं. मास्तरांनी ती घातली आणि खुर्चीत बसले. दुपारपर्यंत ते सारखे एका बाजूला कलत होते.

"काय होतंय?"

"टोचतंय. आत जाड झालंय."

काकूंनी ती पँट परत मागितली. टाके उसवले, दुमडलेलं कापड सोडलं. ते खाली लांबलचक लोंबलं, पूर्वीच्या पायाएवढं.

"किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

"शिवण धरेल एवढंच."

"दोन बोटं ठेवते."

"नको गं," मास्तर म्हणाले. ते दुसऱ्या कुणाच्या तरी कोटाची बाही कापत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. "आता त्यातून काय बाहेर काढायचंय? रेघेवर काप."

काकूंनी कापड टेबलावर पसरलं, तळहातानं सारखं केलं आणि खडूच्या रेघेवर कात्री चालवली.